ग्राहकाचे वय आणि विक्रेत्याचे संबोधन : एक पद्धतिविचार

विल्यम लबोव्ह यांनी १९६२ साली न्यूयॉर्कच्या सॅक्स, मेसीज व क्लाइन या तीन दुकानांत केलेली पाहणी समाजभाषाविज्ञानाच्या अभ्यासकांस परिचित आहे. गिऱ्हाईक म्हणून जावयाचे, चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूचा ठिकाणा विचारावयाचा आणि उत्तरातील 'र'चा उच्चार टिपावयाचा, अशी ती युक्ती. २६४ विक्रेत्यांची उत्तरे याप्रमाणे जमली. विक्रेत्यांचे वय अंदाजाने नोंदविले गेले. विचारणारा ग्राहक मात्र एकच, स्वतः संशोधक, वय पस्तिशीचे. 'र'च्या शोधास ग्राहक स्थिर असणे हा गुणच होय. परंतु ग्राहकाचे विक्रेत्याविषयीचे मत कसे बनते, हा प्रश्न घेऊन हीच पद्धत चंद्रपूर-गडचिरोलीच्या आठवडी बाजारात नेली, तर तो गुण दोष ठरेल.

कारण मराठी विक्रेता बहुधा ग्राहकाचे वय मनाशी ठरवूनच तोंड उघडतो. इंग्रजीतील एका सर्वनामाच्या जागी त्याला 'तू' व 'तुम्ही' यांतून निवड करावी लागते, आणि जोडीस 'दादा', 'काका', 'मावशी', 'आजी' ही नाती येतात. 'काका' हे साठीच्या गृहस्थास आपुलकीचे वाटेल. चाळिशीच्या गृहस्थास तेच बोचेल. विक्रेता एक, शब्द एक, मते मात्र दोन.

या प्रदेशाची बहुभाषिकता हा प्रश्न अधिक बिकट करते. मुलचेरा व चामोर्शी भागांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. बंगालीत 'तुमि' हे मधल्या पायरीचे सर्वनाम. वडीलधाऱ्या परक्यास 'आपनि' म्हणावयाचे. मराठी विक्रेत्याचे आदरार्थी 'तुम्ही' मराठीस नवख्या वृद्ध बंगाली कानास सलगीचे वाटणे अशक्य नाही.

ब्राउन व गिलमन यांनी १९६० साली सर्वनामांच्या निवडीमागे सत्ता आणि जवळीक ही दोन तत्त्वे मांडली. वय हे सत्तेचे एक अधिष्ठान, ग्राहकत्व हे दुसरे. त्या न्यायाने वृद्ध ग्राहकास तरुण विक्रेत्याकडून दुहेरी आदर मिळावयास हवा. पण 'आजी, तुला काय पाहिजे?' असे एखादा तरुण दुकानदार वृद्ध माडिया स्त्रीस म्हणतो, तेव्हा काय समजावे? मराठी घरांत आई-आजीस 'तू' म्हणण्याची रीत आहे, म्हणून हा जिव्हाळा, असा निर्वाळा देणे सोपे आहे. ते घाईचे होईल.

जिव्हाळ्याची परीक्षा स्वरात नव्हे, वितरणात आहे. तोच दुकानदार त्याच वयाच्या, शहरी वेषातील अपरिचित स्त्रीसही 'आजी, तुला' म्हणतो काय? म्हणत असेल, तर ते नाते खरे. तिला 'तुम्ही' आणि माडिया स्त्रीस 'तू' असेल, तर 'आजी' हा शब्द केवळ पांघरूण आहे. निवड वयाने नव्हे, सामाजिक दर्जाने केलेली आहे.

तात्पर्य, बाजारात संशोधनास जाणाऱ्या विद्यार्थ्याने विक्रेत्याच्या वयाबरोबर ग्राहकाचे वय, भाषा व समाज यांचीही नोंद ठेवावी, आणि एकाच विक्रेत्यापुढे निरनिराळे ग्राहक उभे राहिलेले ऐकावे. शिवाय त्या वृद्धेस काय वाटले हे तिच्याच भाषेत विचारावे. तिचे मत आपण परस्पर गृहीत धरले, तर दुकानदाराच्या 'तू'वर शास्त्राची मोहोर उठविल्यासारखे होईल.