लाल चेहऱ्यांची शहरं

‘रोम: टोटल वॉर’ खेळलेल्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त डोकं कशानं खाल्लं? हत्ती, फॅलॅंक्स, पार्थियाचे घोडेस्वार यांपैकी कशाचंच नाव येणार नाही. उत्तर येईल ‘पब्लिक ऑर्डर’. लढाया दहा मिनिटांत संपतात. त्यानंतर जिंकलेलं शहर शांत ठेवण्यात पुढची शंभर वर्षं जातात.

गेम २००४चा. क्रिएटिव्ह असेम्ब्ली या ब्रिटिश स्टुडिओचा. २०१८मध्ये तो फोनवर आला आणि २०२१मध्ये रीमास्टर होऊन पुन्हा आला, त्यामुळे त्याच्या जन्माच्या वेळी बालवाडीत असलेली मंडळीही आज लोकलमध्ये उभ्याउभ्या कार्थेज जाळताना दिसतात. माझ्या मते साम्राज्य चालवण्याविषयी इतका विचार करायला लावणारे गेम फार थोडे आहेत. आणि नेमका तिथेच तो मला खटकतो. लोक का उठतात यावर त्याच्याकडे एक सविस्तर, हुशार सूत्र आहे. उठलेल्या लोकांना काय हवं असतं याची मात्र त्यात जागाच नाही.

आधी सूत्राचं कौतुक करतो, कारण ते कौतुकाला पात्र आहे. इसवी सनपूर्व २७० साली खेळ सुरू होतो. तुम्ही ज्युली, ब्रुटी किंवा स्किपी यांपैकी एका रोमन घराण्याचे प्रमुख. (प्रत्येक घराण्याचं स्वतंत्र सैन्य आणि स्वतःचे प्रांत ही गेमची कल्पना. इतिहासात असं काही नव्हतं.) नकाशावर प्रत्येक शहराशेजारी एक छोटा चेहरा असतो: हिरवा, पिवळा, निळा किंवा लाल. चेहऱ्यामागे टक्केवारी असते. शिबंदी, देवळं, खेळांचे सामने, कमी कर आणि गव्हर्नरचा दरारा यांनी ती वाढते. राजधानीपासूनचं अंतर, परक्या संस्कृतीच्या इमारती, जास्त कर आणि बकालपणा यांनी ती घटते.

यातला बकालपणा हा सगळ्यात सुंदर घटक. शहर वाढलं की बकालपणा वाढतो. तुम्ही शेती सुधारता, धान्य वाढतं, माणसं वाढतात, चोवीस हजारांवर गेलं की गेम त्याला महानगर म्हणतो, आणि मग ते महानगर तुमच्या हातात राहत नाही. गटारं बांधा, जलवाहिनी बांधा, थोडा वेळ उसंत मिळते. भरभराटच शहराला सांभाळायला अशक्य करते, ही गोष्ट गेम तुम्हाला भाषण न देता शिकवतो. ज्यानं हे संतुलन लिहिलं त्याला मी हात जोडतो.

आता खेळाडू काय करतात ते बघा. दूरचं, परक्या संस्कृतीचं, तुडुंब भरलेलं शहर लाल होतं. कर शून्याजवळ आणले, शिबंदी वाढवली, तरी लाल. मग एक युक्ती आहे, जी एक खेळाडू दुसऱ्याला चहाच्या पत्तीचा ब्रँड सांगावा तशी सांगतो. शिबंदी बाहेर काढा. कर सगळ्यात वर न्या. बंड होऊ द्या. मग वेढा घालून शहर परत घ्या. शहर घेतल्यावर गेम तीन पर्याय देतो: नुसता ताबा, गुलाम करणं, कत्तल. कत्तल निवडा. लोकसंख्या कोसळते, तिजोरीत पैसे येतात, बकालपणा उतरतो, शिबंदीचं लोकसंख्येशी प्रमाण सुधारतं. चेहरा हिरवा. पुढची कित्येक वर्षं शहराकडे बघावं लागत नाही.

मीही हे भरपूर केलंय, अँटिऑकपासून कोरिंथपर्यंत. यावर ‘गेम हिंसा शिकवतो’ छापाचा लेख लिहिता येईल, पण त्यात मला रस नाही. मला रस आहे तो या युक्तीच्या गणितात. ती पळवाट वाटते, पण सूत्राच्या आतून बघितलं तर ती पळवाट नाही. ते सूत्राचं सरळ उत्तर आहे. असंतोष लोकसंख्येनुसार वाढतो असं एकदा मांडलं की असंतोष कमी करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे लोकसंख्या कमी करणं. सूत्राला माणसं कशी कमी झाली याच्याशी देणंघेणं नसतं. साथीनं मेली, गुलाम म्हणून नेली, तुम्ही कापली, परिणाम त्याच रकान्यात जातो. आणखी एक सौम्य प्रकार आहे: गच्च भरलेल्या शहरात ‘पेझंट्स’ची पथकं भरती करायची (भरती झाली की शहराची लोकसंख्या तेवढी घटते), ती चालवत दुसऱ्या छोट्या गावात न्यायची आणि तिथे विसर्जित करायची. माणसं एका शहरातून दुसऱ्या शहरात ओतली. धान्याची पोती हलवावीत तशी.

आता हेच सूत्र खऱ्या रोमला लावून बघू. परंपरेनुसार इसवी सनपूर्व ४९४मध्ये रोमचे सामान्य लोक, प्लेब्ज, कर्जाच्या जाचाला कंटाळून शहर सोडून निघाले आणि जवळच्या टेकडीवर जाऊन बसले. दगड मारले नाहीत, काही जाळलं नाही. सैन्यात भरती व्हायचं ते लोक निघून गेले, एवढंच. उमरावांची तारांबळ उडाली आणि तडजोडीत ‘ट्रिब्यून’ हे पद जन्माला आलं, सामान्यांच्या वतीनं नकार देऊ शकणारं. ही घटना गेममध्ये घातली तर काय होईल? शहरातून अर्धी माणसं गेली. बकालपणा कमी. शिबंदीचं प्रमाण उत्तम. चेहरा हिरवा! रोमच्या इतिहासातला पहिला मोठा संप या स्क्रीनवर खुशखबर म्हणून दिसेल.

माझं रोजचं काम डॅशबोर्डशी संबंधित आहे, म्हणून हे मला जरा जास्तच टोचतं. तक्रारींचा आलेख खाली आला की मीटिंगमध्ये सगळे खूश होतात. पण वैतागलेला ग्राहक ॲप काढून टाकतो तेव्हा तो तक्रार करणंही थांबवतो, आणि आलेख तेव्हाही खालीच येतो. दोन्ही रेषा हुबेहूब सारख्या दिसतात. कोण समाधानी झालं आणि कोण निघून गेलं हे विचारायला वेगळा रकाना लागतो, आणि तो रकाना कुणीतरी मुद्दाम बनवावा लागतो.

असो. गेमकडे परत. या गेमच्या बऱ्याचशा फाईली साध्या टेक्स्टमध्ये आहेत, त्यामुळे मॉड करणारे त्या उघडून बघतात. इमारतींच्या फाईलमध्ये आनंद, कायदा, आरोग्य असे बोनस लिहिलेले सापडतात, एकेक बिंदू म्हणजे पाच टक्के. आणि कॅम्पेनच्या फाईलमध्ये सगळ्या सत्तांची यादी असते. स्क्रीनवर ज्यांना ‘रेबेल्स’ म्हटलं जातं, ती करड्या रंगाची बंडखोर सत्ता, तिचं फाईलमधलं नाव आहे ‘स्लेव्ह’. बंडखोर कुठलाही असो, गॉलमधला सरदार, सिसिलीतला दरोडेखोर, अथेन्सचा नागरिक, कोडच्या लेखी सगळे गुलाम. कुणा प्रोग्रॅमरनं घाईत दिलेलं नाव असेल, आम्ही सगळेच अशी नावं देतो. पण याच सत्तेशी वाटाघाटी करता येत नाहीत, हे त्या नावाला अगदी शोभतं. तुमचा वकील इजिप्तकडे जाऊ शकतो, पार्थियाकडे जाऊ शकतो, बंडखोरांकडे नाही.

खरे गुलाम उठले तेव्हा त्यांच्याकडे बोलण्यासारखं बरंच होतं. इसवी सनपूर्व १३५च्या सुमारास सिसिलीतल्या एन्ना शहरात युनस नावाच्या सीरियन गुलामानं उठाव केला. त्यानं स्वतःला अँटिओकस हे राजाचं नाव घेतलं, सभा भरवली, नाणी पाडली. डिओडोरस हा इतिहासकार सांगतो की जुलमी मालक डॅमोफिलसला त्यांनी मारलं, पण गुलामांशी मायेनं वागणाऱ्या त्याच्या मुलीला सुखरूप पोचवलं. शेतघरं जाळली नाहीत, कारण पुढे खायचं काय हा विचार त्यांनी केला होता. हा उठाव मोडायला रोमला १३२ उजाडावं लागलं. यातलं किती टक्केवारीत बसतं? आकडा घसरला, एवढंच.

नंतरचा ‘रोम २’ (२०१३) या बाबतीत पुढे गेला का? थोडासा. तिथे सुव्यवस्था शहराऐवजी प्रांताची मोजतात, उणे शंभरला पोचली की बंडखोर सैन्य उगवतं, गुलामांची संख्या स्वतंत्रपणे अस्वस्थता वाढवते. ‘ब्रेड अँड गेम्स’ नावाचं फर्मान काढता येतं. पण सैन्य उगवल्यावरही त्याच्याशी फक्त लढता येतं, आणि त्यातून तुमच्या सैनिकांना अनुभव मिळतो. म्हणजे बंड ही सरावाची सोय झाली.

तसं धान्याच्या राजकारणावरूनच एक उत्तम गेम निघाला असता. गायस ग्राकसनं १२३ साली स्वस्त धान्याचा कायदा केला, क्लोडियसनं ५८ साली ते फुकट केलं, आणि सीझरनं लाभार्थी ३,२०,००० वरून १,५०,००० वर आणले. यादीतून नाव कुणाचं कापायचं, हा प्रश्न कुठल्याही बोनसपेक्षा अवघड आहे. ‘ब्रेड अँड गेम्स’च्या बटणात तो येत नाही.

गंमत अशी की ‘रोम’मध्ये एका बंडाला मात्र नाव, चेहरा, हेतू सगळं आहे. तुमची जनतेत लोकप्रियता वाढते, सिनेट तुमच्यावर जळायला लागतं, आणि शेवटी तुम्ही सैन्य घेऊन रोमवर चालून जाता. ते बंडच, पण त्याला गेम यादवी म्हणतो आणि त्यातून तुम्ही सम्राट होता. सरदारानं केलं तर कॅम्पेनचा कळस, शहरानं केलं तर लाल चेहरा. रोमन उमरावांनी लिहिलेल्या इतिहासाची हीच दृष्टी आहे, त्यामुळे गेम एका अर्थी फारच प्रामाणिक म्हणायचा.

‘तो गेम आहे, सगळं कसं घालणार?’ असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. मी तीस नवे मेनू मागत नाही. एकच गोष्ट हवी होती: देण्याचा पर्याय. कारण रोमच्या सगळ्यात धोकादायक अंतर्गत युद्धाचा निकाल तिथेच फिरला. इटलीतली मित्रशहरं पिढ्यान् पिढ्या रोमच्या सैन्यात लढत होती आणि नागरिकत्व मात्र त्यांना नव्हतं. ९१ साली ते मिळवून देऊ पाहणाऱ्या लिव्हियस ड्रूससचा खून झाला आणि मित्र उठले. त्यांनी कोर्फिनियमला राजधानी केलं आणि आपल्या नाण्यावर लांडगीला शिंगावर घेणारा बैल छापला. रोमनं सैन्य पाठवलं, पण ९० साली कायदा करून एकनिष्ठ राहिलेल्या मित्रांना नागरिकत्वही दिलं, आणि पुढच्या वर्षी ते आणखी लोकांना खुलं केलं. लढाया चालू राहिल्या, पण बंडातली हवा गेली. गेममध्ये हे करायला एक बटण पुरलं असतं, आणि त्याची किंमतही खरी ठेवता आली असती: नव्या नागरिकांना मत मिळालं की सिनेटमधलं तुमचं गणित बिघडणार.

गेमच्या नकाशात इटलीत रोम आहे, कापुआ आहे, टॅरेंटम आणि क्रोटन आहेत, उत्तरेला आरेटियम आणि अरिमिनम. रोमच्या पूर्वेकडे डोंगर आहेत, आणि तिथे कोर्फिनियम नाही. त्या भागातून सैन्य नेताना वाटेत एकही चेहरा लागत नाही, कुठल्याच रंगाचा.