एंट्रॉपीच्या सूत्राची उसनवारी : एक चिकित्सा

एका शास्त्रात सिद्ध झालेले सूत्र दुसऱ्या शास्त्रात नेले जाते तेव्हा त्याचे लिखित रूप जसेच्या तसे कायम राहते. परंतु ज्या अटींवर ते सिद्ध झाले होते त्या अटी बहुधा मागेच राहून जातात. अशा उसनवारीचे ठळक उदाहरण म्हणून वैविध्यमापनाच्या सूत्राकडे बोट दाखविता येईल. विद्युत् अभियांत्रिकीत जन्मलेले हे सूत्र परिस्थितिविज्ञानाने आणि अर्थशास्त्राने अल्पावधीत आपलेसे केले, आणि आज या दोन्ही विषयांतील पदव्युत्तर प्रबंधांत ते इतक्या सहजपणे वापरले जाते, की त्याच्या अर्थाची विचारणा करणे हेच अरसिकपणाचे वाटावे. प्रस्तुत लेखात त्या विचारणेचा प्रयत्न केला आहे. सूत्र चुकीचे आहे असे आमचे म्हणणे नाही. ज्या चौथ्या शास्त्राची साक्ष येथे सर्वांत आधी काढावयास हवी होती त्या नमुना-पाहणीच्या शास्त्राला या व्यवहारात कोणी बोलावलेच नाही, अशी आमची तक्रार आहे.

सूत्राचा मूळ संसार प्रथम पाहू. तारायंत्रातून किंवा दूरध्वनीवरून जाणाऱ्या संदेशाचे मोजमाप निवडीच्या एकूण शक्यतांच्या लॉगरिदमने करावे, ही कल्पना राल्फ हार्टली यांनी १९२८ मध्ये मांडली होती. बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधील क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये तिला संभाव्यतेची जोड दिली. प्रत्येक चिन्हाच्या संभाव्यतेला त्याच संभाव्यतेच्या लॉगरिदमने गुणून सर्व गुणाकारांची बेरीज करावयाची व तिचे चिन्ह उलटे करावयाचे; या राशीला त्यांनी एंट्रॉपी असे नाव दिले. येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. शॅनन यांनी ही राशी तीन सोप्या अटींवरून निष्पन्न करून दाखविली हे खरे. तथापि तिची प्रतिष्ठा त्या अटींवर उभी नाही. कोणत्याही उगमाकडून येणारे संदेश द्विमान अंकांत लिहावयाचे झाल्यास दर चिन्हामागे सरासरीने किमान किती अंक खर्ची पडतील, याचे उत्तर ही राशी देते. अभियंत्याच्या दृष्टीने लॉगरिदमचे समर्थन या सिद्धान्तात आहे. शिवाय त्याच्या चिन्हांची यादी त्याला आधीपासून ठाऊक असते. वर्णमालेत न सापडलेले एखादे अक्षर तारेच्या दुसऱ्या टोकाला अचानक उमटेल, अशी धास्ती त्याला नसते.

आता चार हिश्शांचा एक संच घेऊ : एक द्वितीयांश, एक चतुर्थांश आणि दोन वेळा एक अष्टमांश. ही चार चिन्हांची संभाव्यता मानली तर एंट्रॉपी १·७५ बिट येते. चारही चिन्हे समसमान असती तर ती २ बिट आली असती. हेच हिस्से एखाद्या राईतील चार वृक्षजातींचे मानले तर परिस्थितिविज्ञानाचा अभ्यासक त्याच १·७५ ला वैविध्याचा निर्देशांक म्हणेल. आणि त्याने नैसर्गिक लॉगरिदम वापरला असेल तर १·२१ म्हणेल. (लॉगरिदमचा पाया न सांगता दिलेले कोष्टक आम्ही एकाहून अधिक प्रबंधांत पाहिले आहे, असे दोन प्रबंध शेजारी ठेवून तुलना करणारा तिसरा प्रबंधही पाहिला आहे.) हेच हिस्से चार कुटुंबांच्या उत्पन्नाचे मानले तर समतेच्या २ बिट या मर्यादेपासून १·७५ जितके खाली आले तेवढी, म्हणजे पाव बिट, विषमता असे थीलचा अनुयायी सांगेल. आणि चार पोलाद कारखान्यांच्या विक्रीचे मानले तर हिश्शांच्या वर्गांची बेरीज, टक्क्यांत ३४३७·५, हा बाजारपेठेच्या केंद्रीकरणाचा आकडा ठरेल. ही शेवटची राशी एंट्रॉपी नव्हे, तिची सख्खी बहीण होय. हर्शमन यांनी १९४५ मध्ये आणि हर्फिंडाल यांनी १९५० मध्ये ती थोड्याफार फरकाने अर्थशास्त्रात आणली. एडवर्ड सिम्प्सन यांनी १९४९ मध्ये तीच जीवशास्त्राकरिता स्वतंत्रपणे मांडली. यादृच्छिक रीतीने उचललेले दोन जीव एकाच जातीचे निघण्याची संभाव्यता, असा तिचा सरळ अर्थ आहे, आणि हा अर्थ समजण्यास कोणत्याही तारायंत्राची आवश्यकता नाही.

एंट्रॉपीला असा सरळ अर्थ अरण्यात सापडतो काय? रॉबर्ट मॅकआर्थर यांनी १९५५ मध्ये एक प्रयत्न केला. अन्नसाखळीतून ऊर्जा जाण्याच्या वाटा जितक्या अधिक व जितक्या समप्रमाणात वापरलेल्या, तितका तो जीवसमूह स्थिर, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यात एंट्रॉपीला निदान वाहणाऱ्या एखाद्या वस्तूचा आधार तरी होता. पुढे रामोन मार्गालेफ यांच्या लेखनापासून सूत्र वाटांवरून उतरले आणि जातींच्या नुसत्या गणनेवर येऊन बसले. आणि वैविध्यातून स्थैर्य येते या समजुतीलाच रॉबर्ट मे यांनी १९७२ मध्ये गणिती तडा दिला. त्याच्या आदल्याच वर्षी हर्लबर्ट यांनी असा कठोर अभिप्राय दिला होता, की जातिवैविध्य या शब्दाला निर्देशांकांच्या भाऊगर्दीत काही अर्थच उरलेला नाही. हा अभिप्राय काहीसा एकांगी आहे. हिल यांनी १९७३ मध्ये दाखविल्याप्रमाणे एंट्रॉपीचा घातांक घेतला, की ‘परिणामी जातिसंख्या’ मिळते. आपल्या उदाहरणात ती ३·३६ येते, तर सिम्प्सनच्या राशीचा व्यस्तांक २·९१ येतो, आणि दोन्ही एकाच कुटुंबातील संख्या आहेत हे स्पष्ट होते. सी. आर. राव यांनी १९८२ मध्ये जातीजातींमधील अंतराचाही हिशेब घेणारे व्यापक रूप दिले. अर्थाचा प्रश्न अशा रीतीने बऱ्याच अंशी सुटला. नमुन्याचा प्रश्न मात्र त्यामुळे सुटत नाही, आणि प्रबंधांत खरी पडझड होते ती येथेच.

अरण्याची वर्णमाला कोणालाही ठाऊक नसते. मलायातील फुलपाखरांची कॉर्बेट यांनी केलेली गणना फिशर व विल्यम्स यांच्यासह १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ६२० जाती आढळल्या, आणि त्यांतील ११८ जातींचा केवळ एकेकच नमुना हाती लागला होता. दोन-दोन नमुने मिळालेल्या जाती ७४ होत्या. न सापडलेल्या जाती किती असाव्यात? आय. जे. गुड यांनी १९५३ मध्ये, ट्यूरिंग यांच्या एका कल्पनेच्या आधारे, न दिसलेल्या जातींचा एकत्रित हिस्सा एकदाच दिसलेल्या नमुन्यांवरून आजमावण्याची रीत दिली. अ‍ॅन चाओ यांनी १९८४ मध्ये दिलेल्या सूत्राप्रमाणे ११८ च्या वर्गाला ७४ च्या दुपटीने भागल्यास सुमारे ९४ हा आकडा येतो. म्हणजे जाळ्यात न आलेल्या निदान इतक्या जाती त्या अरण्यात होत्या असे मानावे लागते. शॅनन यांच्या संसारात या प्रश्नाला जागाच नव्हती.

नमुन्यावरून काढलेली एंट्रॉपी खऱ्या एंट्रॉपीपेक्षा सरासरीने कमी येते, आणि ही तूट पहिल्या पदापुरती एकूण जातिसंख्येतून एक वजा करून नमुन्याच्या दुपटीने भागल्याइतकी असते, हे १९५० च्या दशकातच सिद्ध झालेले आहे. समजा, दोन देवरायांत प्रत्येकी ४०० झाडे मोजली; एकीत प्रत्यक्षात २०० जाती आहेत, दुसरीत ६०. नैसर्गिक लॉगरिदमने पहिलीची तूट सुमारे ०·२५ व दुसरीची ०·०७ येईल. परिणामी जातिसंख्येत पहिली देवराई २२ टक्क्यांनी आणि दुसरी केवळ ७ टक्क्यांनी खाली दाखविली जाईल. जी अधिक समृद्ध तिच्यावरच अधिक अन्याय! आणि दुरुस्तीसाठी जी जातिसंख्या हवी तीच अज्ञात आहे. पश्चिम घाटातील देवरायांची शास्त्रीय पाहणी माधव गाडगीळ व वर्तक यांनी १९७० च्या दशकात मांडली, तेव्हापासून कोणती राई राखावी आणि कोणती रस्त्याला द्यावी या वादांत असे आकडे पुढे येऊ लागले आहेत. तेथे दशांशाच्या पहिल्या स्थळावरची चूक ही निव्वळ कागदावरची चूक राहत नाही.

वरील हिशेबातही एक सवलत गृहीत धरली आहे : ती ४०० झाडे एकमेकांपासून स्वतंत्रपणे निवडली आहेत. प्रत्यक्षात ती दहा चौकटींत चाळीस-चाळीस मोजलेली असतात, आणि एका झाडाखाली त्याच जातीची रोपे उगवतात. नमुना-पाहणीच्या अभ्यासकाला ही परिस्थिती चांगली परिचित आहे. एका गावातील दहा घरे दहा गावांतील एकेका घराइतके सांगत नाहीत, हे तो पहिल्या वर्षीच शिकतो. लेस्ली किश यांच्या नियमाप्रमाणे चौकटीतील झाडांचा परस्परसंबंध अवघा ०·०५ धरला तरी विचरण जवळजवळ तिप्पट होते; ४०० झाडांचे मोल सुमारे १३६ झाडांइतके राहते. चौकटीच्या आकाराचाही प्रश्न आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी १९४६-४७ च्या सुमारास दाखवून दिले होते, की पीककापणीसाठी फार लहान वाफा आखला तर उत्पन्नाचा अंदाज फुगतो, कारण सीमेवरची रोपे मोजणाराच्या हातून आत ओढली जातात. महालनोबिस यांच्या लहान वाफ्यांच्या पद्धतीशी त्यांचा जो वाद झाला तो संख्याशास्त्राच्या वर्गात आवडीने सांगितला जातो. परंतु वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी चौकट आखताना तो वाद आपल्यासंबंधी आहे असे मानीत नाही. लहान चौकटीची परिमिती क्षेत्रफळाच्या मानाने मोठी असते, हे भाताला जितके लागू आहे तितकेच अंजनीलाही आहे.

अर्थशास्त्राकडे वळले म्हणजे याच सूत्राचा दोष उलट्या बाजूने प्रकट होतो. हेन्री थील यांनी १९६७ मध्ये एंट्रॉपीपासून विषमतेचा निर्देशांक बनविला. अमर्त्य सेन यांनी १९७३ मध्ये त्याच्यावर असा आक्षेप घेतला, की हे सूत्र मनमानी स्वरूपाचे असून उत्पन्नाच्या हिश्शांच्या लॉगरिदमची अशी सरासरी मनाला सहज पटण्यासारखी नाही. आक्षेप योग्य आहे. तथापि थीलच्या बाजूने एक मोठी गोष्ट सांगता येते : एकूण विषमता राज्याराज्यांमधील व राज्यांच्या अंतर्गत अशी नेमकी विभागता येते, आणि हा गुण शॅनन यांच्या तिसऱ्या अटीतून थेट आलेला आहे. मूळ अटींपैकी एक तरी या प्रवासात शाबूत पोहोचली.

नमुन्याचे काय? एक काल्पनिक गाव घेऊ. हजार कुटुंबे, ९९९ जणांचे उत्पन्न एक-एक एकक, आणि एका वाड्याचे शंभर. थीलचा निर्देशांक नैसर्गिक लॉगरिदमने सुमारे ०·३२ येतो. आता शंभर कुटुंबांचा यादृच्छिक नमुना घेतला तर दहापैकी नऊ वेळा वाडा सुटेल आणि निर्देशांक शून्य येईल; दहाव्या वेळी वाडा सापडेल आणि निर्देशांक १·६३ वर जाईल. सरासरी ०·१६, म्हणजे सत्याच्या निम्मी, आणि सत्याच्या जवळ जाणारा नमुना एकही नाही. अरण्यात हजारात एक असलेली जात सुटली तर एंट्रॉपीत जेमतेम ०·००७ चा फरक पडतो. तेथे चूक साचते ती अशा शेकडो सुटलेल्या दुर्मिळांमुळे. गावात एकच दुर्मिळ घर सुटले तर सगळे मोजमापच कोसळते. सूत्र एकच, दुर्मिळाला वगळण्याचा दोषही एकच. परंतु एका ठिकाणी वैविध्य थोडे कमी दिसते आणि दुसऱ्या ठिकाणी विषमता नाहीशी होते.

हे गाव काल्पनिक असले तरी अडचण काल्पनिक नाही. आपल्या राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी १९५० मध्ये सुरू झाली. तिच्यात कुटुंबाचा खर्च विचारला जातो, उत्पन्न नव्हे; आणि सधन घरांचे दार पाहणी करणाऱ्याला सहजी उघडत नाही. २०२२-२३ च्या कुटुंब-खर्च पाहणीत ग्रामीण भागात जमीनधारणेवरून आणि शहरांत मोटारीच्या मालकीवरून घरांचे स्तर पाडण्यात आले. अशा स्तरांत निवडीची संभाव्यता निरनिराळी ठेवता येते, आणि तिच्या व्यस्तांकाने प्रत्येक घराला भार द्यावा ही रीत नारायण यांनी १९५१ मध्ये आणि हॉर्विट्झ व थॉम्प्सन यांनी १९५२ मध्ये दिलेली आहे. भार न लावता थीलचा निर्देशांक काढणे म्हणजे स्तरांचे सर्व श्रम पाण्यात घालणे होय. बाजारपेठेच्या केंद्रीकरणाच्या बाबतीत ही काळजी कमी, कारण कारखाने थोडे असतात व त्यांची विक्री नोंदलेली असते. तेथे बाजारपेठेची हद्द कोठे आखावी हा निराळाच वाद आहे. अमेरिकेच्या शासनाने अति-केंद्रीकरणाची मर्यादा १९८२ मध्ये १८०० ठेवली, २०१० मध्ये २५०० केली आणि २०२३ मध्ये पुन्हा १८०० वर आणली, यावरून तो आकडा निसर्गाने दिलेला नाही इतके तरी दिसून येते.

शॅनन यांना स्वतःला या उसनवारीविषयी उत्साह नव्हता. आपल्या सिद्धान्ताभोवती जमलेल्या मिरवणुकीपासून सावध राहावे, असे त्यांनी १९५६ मध्येच एका छोट्या टिपणात लिहिले होते. इतर विषयांत या कल्पनांचा उपयोग होऊ शकेल. परंतु तो शब्दांच्या भाषांतराने होणार नाही, गृहीतके मांडून व ती प्रयोगाने तपासून घ्यावी लागतील, असा त्या टिपणाचा आशय आहे. टिपण प्रसिद्ध झाले आणि मिरवणूक पुढे निघून गेली.

आमच्याकडे परीक्षणासाठी येणाऱ्या प्रबंधांत निर्देशांक दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत दिलेला असतो. मात्र चौकटींची संख्या, त्यांचा आकार, त्या कशा निवडल्या आणि प्रत्येकीत कोणती जात किती आढळली हे परिशिष्टातही सापडत नाही. कॉर्बेट यांची गणना आठ दशकांनंतरही नव्या सूत्राने तपासता येते, याचे कारण त्यांनी फुलपाखरांची संख्या मांडून ठेवली, निर्देशांक नव्हे. एकदा, दोनदा, तीनदा सापडलेल्या जाती अनुक्रमे ११८, ७४, ४४ : एवढी एक ओळ शिल्लक आहे म्हणूनच तिच्यावर पुढे काम करता येते. ज्या प्रबंधात नुसते ३·४१२ लिहिलेले आहे त्याच्यावर असे कोणतेही काम पुढे करता येणार नाही, आणि ती देवराई तोवर उभी असेलच याची खात्री नाही.