व्ह्यू : संज्ञा आणि संज्ञी

डेटाबेसमधील 'व्ह्यू' ह्या सोयीविषयी दोन मते रूढ आहेत. व्ह्यूमुळे गुंतागुंतीच्या क्वेरी सोप्या होतात, हे पहिले. व्ह्यूमुळे काम मंदावते, हे दुसरे. ही मते परस्परविरोधी भासली तरी त्यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, असे आम्हांस वाटते. व्ह्यू ही एक स्वतंत्र वस्तू आहे असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. वस्तुतः व्ह्यू म्हणजे केवळ एक संज्ञा होय.

व्याकरणाच्या अभ्यासकांस हे विधान अपरिचित वाटू नये. पाणिनी 'अच्' म्हणतो तेव्हा सर्व स्वरांचा निर्देश होतो. नियम लावताना त्या संज्ञेच्या जागी तिचे संज्ञी घ्यावे लागतात. पोस्टग्रेससारख्या प्रणालीत असेच घडते. साध्या व्ह्यूत माहिती साठवलेली नसते, क्वेरीची व्याख्या तेवढी साठवलेली असते. व्ह्यूचे नाव येताच प्रणाली त्या जागी ती व्याख्या घालते, आणि विस्तारलेली क्वेरी कोणत्या क्रमाने चालवावी हे प्लॅनर ठरवतो. म्हणून केवळ नाव दिल्याने काम हलके होत नाही. सामान्यतः जडही होत नाही.

मग दोष येतो कोठून? काही वर्षांपूर्वी बोलींतील उच्चारभेदांवरील एका प्रबंधाचे टिपण आमच्या वाचनात आले. त्यात शब्द, उच्चार, अर्थ, वक्ता आणि गाव अशी पाच टेबले जोडून एकच सर्वसमावेशक व्ह्यू केला होता. एका शब्दाचे उच्चार 3 आणि अर्थ 2 नोंदलेले असले की अशा व्ह्यूत त्या शब्दाच्या 6 ओळी होतात. ह्या ओळी म्हणजेच उच्चार, असे समजून अभ्यासकाने मोजणी केली. आकडे फुगलेले दिसताच 'डिस्टिंक्ट' घालून पुनरुक्ती काढली. परंतु त्यामुळे एकाच गावातील दोन वक्त्यांचा सारखा उच्चारही एकच ठरला. प्रबंधाचा सारा युक्तिवाद उच्चारांच्या बारंवारतेवर उभा होता, आणि नेमकी तीच पुसली गेली. पुढे ह्या व्ह्यूवर दुसरा, त्यावर तिसरा, अशी उतरंड रचली गेली आणि उत्तरास कित्येक मिनिटे लागू लागली.

चूक आणि मंदपणा हे येथे दोन दोष नव्हेत. 'ह्या व्ह्यूची एक ओळ म्हणजे काय?' ह्या प्रश्नास उत्तर नव्हते, हे दोहोंचे मूळ. सर्व काही एकत्र आणणाऱ्या व्ह्यूकडे एकच स्तंभ मागितला तरी त्यातील अंतर्गत जोडण्या टाळता येत नाहीत, कारण त्यांवर ओळींची संख्या अवलंबून असते. गावाची अट आतल्या टेबलापर्यंत नेता आली तर इंडेक्सचा उपयोग होतो. पण आत समूह करून मोजणी केलेली असेल आणि अट त्या मोजणीच्या निकालावर असेल, तर ती आत नेता येत नाही. शिवाय, मिसळल्यावर घटक 8 हून अधिक होणार असतील तर पोस्टग्रेस, मूळ नेमणूक बदलली नसल्यास, आतील क्वेरी बाहेरच्या क्वेरीत मिसळत नाही. जोडणीच्या अधिक चांगल्या क्रमाचा शोध तेथेच खुंटतो.

ह्यावर मटीरियलाइज्ड व्ह्यू हा उपाय सांगितला जातो. 2013 साली पोस्टग्रेसच्या 9.3 ह्या आवृत्तीत तो आला. त्यात निकालच साठवला जातो आणि त्यावर इंडेक्सही करता येतो. मात्र ताजा करीपर्यंत तो जुनाच राहतो. विशिष्ट दिनांकाच्या सामग्रीवर आधारलेल्या संशोधनास हे इष्टही ठरेल. तथापि व्याख्या चुकलेली असेल, तर ह्या उपायाने चुकीचा आकडा लवकर मिळेल, इतकेच.

एडगर कॉड ह्यांनी 1970 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, यंत्रातील माहितीची अंतर्गत मांडणी जाणण्याच्या भारातून वापरकर्त्यास मुक्त करावे, अशी भूमिका मांडली. व्ह्यूच्या समर्थनार्थ तिचा आधार घेतला जातो, आणि तो योग्यच आहे. पण मांडणी न जाणण्याची मोकळीक म्हणजे अर्थ न जाणण्याची मोकळीक नव्हे. ह्या दोहोंतील भेद आपल्या अध्यापनात पुसट झाला आहे, ही आमची खरी तक्रार आहे.

तेव्हा व्ह्यू टाकून द्यावेत असे आमचे म्हणणे नाही. प्रत्येक व्ह्यूच्या व्याख्येसोबत 'ह्याची एक ओळ म्हणजे अमुक' असे एक वाक्य लिहावे. ते लिहिता येत नसेल तर तो व्ह्यू मोडून दोन करावेत. उच्चार आणि अर्थ ह्यांची मोजणी स्वतंत्र करून मगच ती शब्दाशी जोडावी. आणि समासाचा विग्रह करावा त्याप्रमाणे 'एक्स्प्लेन ॲनलाइझ' चालवून क्वेरीचा प्रत्यक्ष विस्तार वाचावा. प्रबंधातील आकड्याची जबाबदारी अखेर प्रबंधकाराची असते. व्ह्यूकडे बोट दाखवून परीक्षकाच्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.