शिवोलीच्या घरातील ध्वनिफीत

भोपाळातील बिट्टन मार्केटच्या हाटात भाजी घेत असता मागे एकदा शेजारच्या दुकानातून ‘हम्मा हम्मा’ हे गीत कानी आले. आमच्यासमवेत असलेल्या मुलांनी चाल ओळखली, चित्रपटही ओळखला. १९९५ सालच्या ‘बॉम्बे’चे संगीत ए. आर. रहमान यांचे, हेही त्यांना ठाऊक होते. परंतु हिंदी गीतातील तो आवाज बार्देशातील शिवोली गावचा आहे, असे आम्ही सांगितले तेव्हा त्यांना मोठे नवल वाटले. रेमो फर्नांडिस यांची गोमंतकाबाहेरील कीर्ती बव्हंशी अशी दुसऱ्याच्या चालींवर उभी आहे. त्यांची स्वतःची म्हणावी अशी पहिली कृती, १९८४ साली प्रसिद्ध झालेली ‘गोअन क्रेझी’ ही ध्वनिफीत, आमच्या गोमंतकीय घरांतूनही विस्मरणात जाऊ लागली आहे. म्हणून तिचा परामर्श येथे घेण्याचे आम्ही योजिले आहे.

ही फीत काढली तेव्हा रेमो वयाने तिशीचे असले तरी रॉक संगीतात मुरलेले होते. शाळकरी वयापासून ते वाद्यवृंदांतून वाजवीत आले. मुंबईस सर जे. जे. महाविद्यालयात वास्तुशास्त्राचे अध्ययन चालू असता ‘द सॅव्हेजेस’ या नामांकित वृंदात त्यांचा समावेश झाला. पुढे युरोप व आफ्रिकेत भ्रमंती झाली. एवढ्या तयारीनंतर ते मुंबईच्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांकडे गेले, तेव्हा इंग्रजी सोडा आणि हिंदीत गा, असा सल्ला त्यांच्या पदरी पडला. तो न मानता त्यांनी शिवोलीच्या राहत्या घरीच ध्वनिमुद्रण केले. सारी वाद्ये त्यांनीच वाजविली, सारे आवाज त्यांनीच दिले, वेष्टनाचे चित्रही त्यांनीच रेखाटले.

हे कसे साधले ते समजल्यावाचून या कृतीचे गुणदोष कळणार नाहीत. साध्या ध्वनिफितीवर चार पट्टे असतात. दोन एका बाजूचे, दोन उलट्या बाजूचे. टीॲक कंपनीने १९७९ साली बाजारात आणलेल्या ‘पोर्टास्टुडिओ’ जातीच्या यंत्रात हे चारही पट्टे एकाच दिशेने वापरता येतात. पहिल्या पट्ट्यावर गिटार मुद्रित करावी, ती ऐकत दुसऱ्यावर ताल धरावा, तिसऱ्यावर बासरी घ्यावी. मग ही तिन्ही चौथ्या पट्ट्यावर एकत्र उतरवावी, म्हणजे आधीचे तीन पट्टे पुन्हा मोकळे होतात. मात्र एकदा एकत्र झालेले स्वर पुन्हा वेगळे करता येत नाहीत, आणि अशा प्रत्येक उतरवणीबरोबर फितीची खरखर वाढत जाते. रेमोंजवळ होते ते असलेच चार पट्ट्यांचे यंत्र. बासरी किती ठेवावी, दुसरा आवाज कोठे घालावा, हे सारे कायमचे ठरवूनच पुढे जावे लागे. आजच्या संगणकावर हवे तितके पट्टे घेता येतात आणि निर्णय शेवटपर्यंत लांबविता येतो. त्या सोयीत वाढलेल्या गायकांनी ही शिस्त अभ्यासावी, असे आम्हांस वाटते.

तथापि या पद्धतीत एक उणीव आहे व ती झाकण्यात अर्थ नाही. आमच्या देवळांतील घुमटआरती वाचकांनी अनेकदा ऐकली असेल. घुमटवाला लय किंचित वाढवितो, शामेळ त्यास उत्तर देते, म्हणणारे मागे रेंगाळतात, कासाळे त्यांस सावरतात. कोणी एकाने न ठरविलेली अशी एक चाल त्या ओढाताणीतून निपजते. एकट्याने केलेल्या मुद्रणात हे घडू शकत नाही. तेथे पहिला पट्टा धनी व बाकीचे त्याचे ताबेदार. वादकच गायक आणि गायकच झीलकरी असल्यामुळे चुकीला हटकणारा कोणी नाही व अवचित सुचलेल्या जागेला दाद देणाराही कोणी नाही. अनेक वर्षे वृंदात घालविलेल्या कलावंतास ही पोकळी जाणवली नसेल, असे आम्ही मानीत नाही. ‘सर्व काही एकट्याने केले’ म्हणून या फितीची स्तुती करणारे एका अडचणीलाच गुण समजतात.

मग या कृतीचे मोल कशात? आमच्या मते ते तिच्या गावकीत आहे. शिवोली हे जागराचे गाव. नाताळानंतर होणाऱ्या तेथील जागरात हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही समाज भाग घेतात. गावाने गावाला हसावे, गाऱ्हाणे गाण्यातून मांडावे, ही रीत आमच्या मातीत जुनी आहे. रेमो तीच रीत गिटारीवर चालवितात. गोव्यातील टेलिफोनच्या दुरवस्थेवरचे त्यांचे विनोदी गीत आठवावे. भाषा इंग्रजी खरी, पण चेष्टा करणारा आणि चेष्टा सोसणारा दोघेही गोंयकारच. विलायती वाद्ये व विलायती बोली पाहून हे संगीत आमचे नव्हे असे म्हणणाऱ्यांस आम्ही एवढेच विचारू, की शिवोलीचा जागर आमचा आहे ना? शिवाय पुढच्याच वर्षी, १९८५ साली, ‘ओल्ड गोअन गोल्ड’ या फितीत ते जुन्या गोमंतकीय गीतांकडे वळले, हेही ध्यानी घ्यावे.

फीत तयार झाली तरी ती विकणार कोण? रेमो आपल्या पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी फिती पोहोचवीत. ध्वनिमुद्रणात जी माणसे नव्हती ती येथे भेटली. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांनी ती फीत गोव्यात घरोघर नेली. मोठ्या कंपन्या व हिंदी चित्रपट त्यानंतर आले, आणि २००७ साली पद्मश्रीचा मानही मिळाला.

भोपाळसारख्या शहरी वाढणारी आमची मुलेही हल्ली गाणी रचतात आणि मराठीत वा कोंकणीत कोण ऐकणार, हिंदीत लिहा, असा सल्ला त्यांनाही मिळतो. सल्ला देणारे बहुधा घरचेच असतात. त्यांनी ही फीत एकदा ऐकावी. ज्यांच्या घरी तिची जुनी प्रत असेल त्यांनी ती वेळीच उतरवून घ्यावी, कारण फितीवरचा लेप कालांतराने झडतो आणि त्याबरोबर आवाजही जातो.