ऑल्टगेल्डचें क्षमापत्र : दस्तऐवज या नात्यानें परीक्षण

कागद आपल्या आवडत्या पक्षाचा असला म्हणजे त्याची परीक्षा सैल होते, हा दोष आपणां संशोधकांच्या अंगवळणीं पडलेला आहे. बखरकाराच्या प्रत्येक वाक्यास पुरावा मागणारा संशोधक अस्सल पत्रापुढें सहज मान तुकवितो. आणि पत्र लिहिणारा सज्जन असला तर मग बोलावयासच नको. या दृष्टीनें अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानाचा गव्हर्नर जॉन पीटर ऑल्टगेल्ड यानें ता. २६ जून १८९३ रोजीं काढलेलें क्षमापत्र तपासून पाहण्यासारखें आहे. लेखक सज्जन होता, त्याचा निर्णय न्याय्य होता, असें आमचें मत आहे. परंतु निर्णय न्याय्य असला म्हणून त्याच्या समर्थनार्थ लिहिलेलें प्रत्येक वाक्य प्रमाण ठरत नाहीं.

प्रथम लेखकाचा परिचय. ऑल्टगेल्डचा जन्म ता. ३० डिसेंबर १८४७ रोजीं जर्मनींतील नासाऊ प्रांतांत झाला. आईबापांनीं त्यास तान्हेपणींच अमेरिकेस नेलें, आणि ओहायोंतील शेतावर तो वाढला. यादवी युद्धांत, सन १८६४ मध्यें, सोळाव्या वर्षीं तो सैन्यांत शिरला. पुढें कांहीं काळ शाळामास्तरकी करून त्यानें मिसूरींत वकिली आरंभिली व तेथें तो सरकारी वकीलहि झाला. सन १८७५ मध्यें तो शिकागोस आला. जमीन-इमारतींच्या व्यवहारांत त्यानें बरेंच द्रव्य मिळविलें. सन १८८४ मध्यें त्यानें दंडव्यवस्था व तिचे बळी या विषयावर एक छोटें पुस्तक लिहून, गरिबास तुरुंग कसा अट्टल गुन्हेगार बनवितो तें दाखविलें. सन १८८६ मध्यें तो न्यायाधीश निवडून आला व सन १८९२ मध्यें गव्हर्नर म्हणून निवडला गेला. अमेरिकेंतील संस्थानाचा गव्हर्नर वरून नेमलेला नसून लोकांनीं निवडलेला असतो, आणि गुन्हेगारास माफी देण्याचा अधिकार इलिनॉयांत त्याच्या हातीं होता, एवढें येथें ध्यानांत ठेवावें.

आतां प्रकरण. मे १८८६ मध्यें शिकागो येथें आठ तासांच्या दिवसासाठीं मजुरांची मोठी चळवळ चालू होती. ता. ३ रोजीं मॅकॉर्मिकच्या कारखान्यापाशीं पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. तिच्या निषेधार्थ ता. ४ च्या रात्रीं हेमार्केट चौकाजवळ सभा भरली. शहराचा मेयर कार्टर हॅरिसन स्वतः तेथें जाऊन, सभा शांत आहे असें पाहून परतला. त्यानंतर पोलिसांची तुकडी सभा मोडावयास चालून आली, तोंच कोणीं तरी बाँब टाकला. सात पोलीस दगावले असा आंकडा रूढ आहे. बाँब टाकणारा कोण तें आजतागायत सिद्ध झालेलें नाहीं. न्यायाधीश जोसेफ गॅरी याच्यापुढें आठ अराजकवाद्यांचा खटला चालला. सातांस फांशीची व ऑस्कर नीबी यास पंधरा वर्षांची शिक्षा झाली. तत्कालीन गव्हर्नर ओग्ल्स्बी यानें सॅम्युएल फील्डन व मायकेल श्वाब यांची फांशी बदलून जन्मठेप केली. लिंग हा तुरुंगांतच मेला, आणि ता. ११ नोव्हेंबर १८८७ रोजीं स्पाइस, पार्सन्स, फिशर व एंगेल हे फांशीं गेले. ऑल्टगेल्डपुढें प्रश्न होता तो उरलेल्या तिघांचा.

या तिघांच्या सुटकेसाठीं अर्ज करणाऱ्यांपैकीं पुष्कळांचें म्हणणें एवढेंच होतें कीं, ते दोषी असले तरी भोगली ती शिक्षा पुरे झाली. गव्हर्नरास दयाळू म्हणवून घेण्यास हा मार्ग मोकळा होता. ऑल्टगेल्डनें तो नाकारला. हे लोक खरोखर दोषी असतील तर त्यांस मुळींच सोडूं नये, अशी भूमिका त्यानें आरंभींच घेतली. येथेंच या कागदाचें स्वरूप पालटलें. तें दयेचें पत्र राहिलें नाहीं; पुराव्याचें परीक्षण झालें. म्हणून त्यास परीक्षणाचेच नियम लावले पाहिजेत.

त्यानें पांच मुद्दे घेतले आहेत : ज्यूरी मुद्दाम जमविलेली होती काय; ज्यूरर आपल्याच जबान्यांवरून अपात्र ठरत होते काय; आरोपींचा अपराध शाबीत झाला काय; नीबीविरुद्ध कांहीं पुरावा होता काय; आणि न्यायाधीश पक्षपाती होता काय. या पांचांची योग्यता सारखी नाहीं.

दुसरा मुद्दा सर्वांत बळकट आहे, कारण तेथें लेखक स्वतः थोडें बोलतो व जबान्यांस बोलूं देतो. ज्यूरीसाठीं बोलाविलेला इसम म्हणतो कीं, माझें मत बनलेलें आहे; न्यायाधीश त्यास उलटसुलट विचारून, निःपक्षपणें निवाडा करूं शकेन एवढें त्याच्या तोंडून वदवून घेतो आणि पात्र ठरवितो. मृत पोलिसाच्या नातलगासहि असेंच पात्र ठरविलें गेलें. मात्र येथें वाचकानें एक भेद पाळावा. हा नातलग प्रत्यक्ष ज्यूरींत बसला नाहीं. त्यास काढण्यासाठीं बचावपक्षास कारण न देतां नाकारण्याचा आपला मर्यादित हक्क खर्चावा लागला. आक्षेप तेवढ्यानेंहि टिकतो, पण निराळ्या रूपानें टिकतो.

नीबीच्या मुद्द्यांत लेखकाची सचोटी विशेष दिसते. नीबीविरुद्ध पुरेसा पुरावा नाहीं असें सरकारी वकील ग्रिनेल बोलला होता, अशी ग्वाही मेयर हॅरिसन व दुसरा एक अधिकारी यांनीं दिली. ग्रिनेलनें तें पत्रानें नाकारलें. ऑल्टगेल्डनें हा नकारहि नमूद केला, आणि नीबीची सुटका त्या वादावर न सोडतां, मूळ पुराव्यांतच अपराध दिसत नाहीं यावर उभी केली. आपल्या विरुद्ध जाणारा कागद लपवावयाचा नाहीं, ही शिस्त आपल्यांतील कितीकांनीं शिकण्यासारखी आहे.

तिसऱ्या मुद्द्यांत मात्र दोन पदार्थ मिसळले आहेत. आरोपींचा त्या विशिष्ट कृत्यांत प्रत्यक्ष भाग होता म्हणून त्यांस शिक्षा झालेली नाहीं, हें गॅरीनें स्वतःच म्हटलें होतें, व एप्रिल १८९३ च्या सेंचुरी मासिकांतील लेखांत तेंच पुन्हा मांडलें होतें. बाँब टाकणारा अज्ञात असतां, त्यानें आरोपींचीं भाषणें ऐकलीं वा लेख वाचले हें कशावरून, असा ऑल्टगेल्डचा प्रश्न आहे. त्यास उत्तर नाहीं. परंतु येथें न थांबतां तो पुढें सांगतो कीं, पोलिसांच्या मारहाणीचा सूड घेणाऱ्या कोणा एकट्यानें बहुधा बाँब टाकला असावा. न्यायशास्त्राच्या भाषेंत येथें हेतु आहे पण व्याप्ति नाहीं. मारहाण झाली होती हें खरें. त्यावरून सूड संभवतो, सिद्ध होत नाहीं. फिर्यादीपाशीं जी अज्ञाताची सांखळी नव्हती म्हणून तो दोष देतो, तीच त्याच्यापाशींहि नाहीं.

पांचवा मुद्दा सर्वांत दुबळा. गॅरीनें द्वेषबुद्धीनें खटला चालविला हा आरोप इतरांच्या तोंडून कठोर शब्दांत मांडून, हे आरोप वैयक्तिक असल्यामुळें त्यांची अधिक चर्चा करण्याचें आपणांस कारण नाहीं, असें लेखक म्हणतो. चर्चा नको होती तर आरोप नोंदणेंच नको होतें. नोंदला तर त्याची परीक्षा करणें प्राप्त होतें. जेन ॲडम्स ही मजुरांची कैवारी, तिनेंहि या उदार कृत्यास व्यक्तिद्वेषाचा डाग लागला असें लिहून ठेविलें आहे.

आतां पाठाचा प्रश्न. हेन्री डेव्हिड याचा सन १८३६ नव्हे तर १९३६ मधील ग्रंथ दीर्घकाळ या विषयांत प्रमाण मानला गेला. सन २०११ मध्यें टिमोथी मेसर-क्रूझ यानें आक्षेप घेतला कीं, पूर्वसूरींनीं खटल्याची संपूर्ण मूळ नोंद न वाचतां, अपिलासाठीं बचावपक्षानें छापलेल्या सारांशावर भिस्त ठेविली. त्याचे सर्व निष्कर्ष आम्हांस मान्य नाहींत. अज्ञात हातापासून आरोपींपर्यंतचा दुवा मूळ नोंदींतूनहि निघत नाहीं असें आम्हांस वाटतें. पण त्याचा आक्षेप पद्धतीचा आहे आणि तो रास्त आहे. मूळ पोथी उपलब्ध असतां टीकेवरून पाठ ठरविणें आपण कोणासहि चालूं देणार नाहीं. मग टीकाकार फांशीं गेलेल्यांचा वकील असला म्हणून काय झालें ?

या क्षमापत्रानें लेखकाचा सर्वनाश केला, असें चरित्रकथांतून नेहमीं वाचावयास मिळतें. वृत्तपत्रांनीं त्यास अराजकवादी ठरवून झोडपलें हें खरें. सन १८९४ च्या पुलमन संपांत अध्यक्ष क्लीव्हलंड यानें गव्हर्नरानें न मागतां मध्यवर्ती सैन्य शिकागोंत पाठविलें, तेव्हां ऑल्टगेल्डनें तारांनीं कडक निषेध केला. त्यानें रोष वाढला. कारखान्यांच्या मुख्य तपासनीसाच्या जागीं फ्लॉरेन्स केली हिची नेमणूकहि त्याचीच. सन १८९६ मध्यें तो पडला. पण त्याच निवडणुकींत त्याच्या पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ब्रायन यास इलिनॉयांत त्याच्याहूनहि कमी मतें पडलीं. पक्षाची लाटच ओसरलेली असतां, सगळा पराभव एका कागदाच्या माथीं मारणें हा इतिहास नव्हे. ता. १२ मार्च १९०२ रोजीं, आदल्या रात्रीं बोअर लोकांच्या बाजूनें व्याख्यान दिल्यावर, तो वारला.

शिकागोजवळ वाल्डहाइम दफनभूमींत फांशीं गेलेल्यांचें स्मारक आहे. त्याचें अनावरण क्षमापत्राच्या आदल्याच दिवशीं झालें. त्याच्या मागील बाजूस पुढें बसविलेल्या धातूच्या पट्टीवर या क्षमापत्रांतील उतारा आहे. आणि तो नेमका न्यायाधीशाविषयींच्या त्या अर्धवट सोडलेल्या आरोपाचा व त्यापुढील माफीच्या आज्ञेचा आहे. ज्यूररांच्या जबान्या तेथें नाहींत, ग्रिनेलचा नकार नाहीं, दयेस दिलेला नकारहि नाहीं. भक्तांनीं गुरूच्या ग्रंथांतून सर्वांत दुबळा श्लोक निवडून धातूवर कोरला. म्हणून उतारा पाहून समाधान मानूं नये. संपूर्ण कागद वाचावा, आणि त्याच्या शेजारीं खटल्याची मूळ नोंद ठेवावी. ऑल्टगेल्डची थोरवी त्यानें कमी होणार नाहीं. ती नेमकी कोठें आहे एवढें मात्र कळेल.