आकांक्षा, सन्निधी आणि जावाची मोड्यूले

वाक्यार्थबोधास आकांक्षा, योग्यता व सन्निधी यांची अपेक्षा असते, असे आपले शास्त्रकार मानतात. जावा भाषेतील आज्ञावली वापरासाठी बांधून देण्याची रीत तपासण्यास हीच कसोटी उपयोगी पडते.

२०१७ साली नववी आवृत्ती येईपर्यंत लागणाऱ्या जार संचिका ‘क्लासपाथ’वर एकमेकींशेजारी ठेवीत. ही केवळ सन्निधी होय. एखादी राहून गेल्यास ते आज्ञावली चालता चालता मध्येच कळे. नवव्या आवृत्तीने प्रत्येक मोड्यूलास ‘रिक्वायर्स’ या शब्दाने आपली आकांक्षा लेखी मांडावयास लावले. त्यामुळे उणीव आरंभीच उघड होऊ लागली, व ‘जेलिंक’ या साधनाने हवे तेवढेच बांधणे शक्य झाले. हा लाभ थोडा नव्हे.

तथापि योग्यता उपेक्षितच राहिली. कोणती आवृत्ती हवी हे त्या घोषणेत सांगता येत नाही. तो निर्णय मेव्हनसारख्या बाह्य साधनांवर सोपविला आहे. याहून गंभीर प्रश्न अध्याहृत आकांक्षेचा. मराठी महिन्यांची व वारांची नावे ‘जेडीके.लोकेलडेटा’ या मोड्यूलात असतात. ते सेवारूपाने पुरविले जात असल्यामुळे त्याच्यासाठी कोणी ‘रिक्वायर्स’ लिहीत नाही, आणि जेलिंकही ते आपणहून घेत नाही. आज्ञावली बिनतक्रार चालते. मराठी नावे तेवढी नाहीशी होतात. इंग्रजीची सामग्री मात्र ‘जावा.बेस’ या मूळ मोड्यूलातच असते.

एका भाषेस गृहीत धरणारी व दुसरीस अध्याहृत ठेवणारी ही व्यवस्था अपुरी म्हटली पाहिजे. तोवर मराठी आज्ञावली बांधणाऱ्याने ते मोड्यूल नाव घेऊन मागावे, हेच इष्ट.