‘खरी व खोटी सुधारणा’ : एक परीक्षण

धर्मसंस्था आंत राहून सुधारावी कीं बाहेर पडून, हा प्रश्न जितका जुना तितकाच अवघड आहे. रोमन कॅथलिक संप्रदायापुरता त्याचा सांगोपांग विचार ईव्ह काँगार या फ्रेंच डोमिनिकन पंडितानें ज्या ग्रंथांत केला, तो ‘चर्चमधील खरी व खोटी सुधारणा’ हा ग्रंथ इ. स. १९५० मध्यें पॅरिस येथें प्रसिद्ध झाला. दुसरी आवृत्ति १९६८ सालची. पॉल फिलिबर्ट यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर २०११ मध्यें निघालें, व तेंच आमच्यासमोर आहे. त्यांत प्रॉटेस्टंट मताच्या चिकित्सेचा तिसरा भाग गाळला आहे. ‘खोट्या’ सुधारणेचा मुख्य खटला ज्या भागांत चालवावयाचा तोच गाळावा, हें आम्हांस रुचलें नाहीं.

फूट न पडतां सुधारणा व्हावी यासाठीं ग्रंथकार चार अटी घालतो. सुधारकानें बुद्धीच्या हौसेपेक्षां प्रेमास व लोकांच्या आत्मिक हितास अग्रस्थान द्यावें, सर्व समाजाशीं असलेला संबंध तोडूं नये, धीर धरावा, आणि नवी कल्पना बाहेरून आणून न चिकटवितां मूळ परंपरेकडे परत जावें. पहिलीविषयीं वाद नाहीं. चवथी मात्र आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. रूढि निराळी आणि परंपरा निराळी, हा भेद येथें फार स्वच्छ केला आहे. पुष्कळदां कालपरवांची वहिवाटच सनातन म्हणून पुढें केली जाते, आणि तिच्या मागचें खरें जुनें शोधून काढणारा मनुष्य ‘नवमतवादी’ ठरतो! मीमांसाशास्त्र वाचलेल्यास ही विचारसरणी परकी वाटणार नाहीं. स्मृतीचें प्रामाण्य श्रुतिमूलक असेल तितकेंच, विरोध आल्यास स्मृति बाजूस ठेवावी, हा मीमांसकांचा न्याय प्रसिद्धच आहे. अंतर एवढेंच कीं, मीमांसकांची श्रुति अपौरुषेय व कालातीत, तर काँगार यांचें मूळ इतिहासांतच घडलेलें असल्यामुळें तें शोधण्यास इतिहाससंशोधकाचीं साधनें लागतात.

आमचा आक्षेप दुसऱ्या अटीवर आहे. संबंध न तोडणारी सुधारणा ती खरी, असें म्हटलें तर संबंध कोणी तोडला हें आधीं ठरविलें पाहिजे. ल्यों येथील व्यापारी वाल्डो व असिसीचा फ्रान्सिस, दोघांनींही निर्धनतेचें व्रत घेऊन उपदेश आरंभिला. वाल्डोचे अनुयायी ११८४ मध्यें बहिष्कृत झाले. फ्रान्सिसास पुढें पोप तिसरा इनोसंट यानें तोंडी मान्यता दिली. भेद त्या दोन पुरुषांत होता, कीं त्यांच्यापुढील अधिकाऱ्यांत? सुधारणा खरी म्हणून ती आंत राहिली, आणि आंत राहिली म्हणून ती खरी, असा अन्योन्याश्रय येथें उत्पन्न होतो. अधिकाऱ्यांची दिरंगाई सुधारकास अधीर करते हें ग्रंथकार जाणतो व स्पष्ट सांगतोही. पण अटींचा भार शेवटीं सुधारकाच्याच खांद्यावर ठेवतो.

धीराची अट लिहिणाऱ्यास ती स्वतःच पाळावी लागली. १९५२ मध्यें या ग्रंथाच्या पुनर्मुद्रणास व भाषांतरांस रोमहून मनाई झाली. १९५४ मध्यें काँगार यांचें अध्यापन बंद होऊन त्यांस जेरुसलेम, मग रोम, मग केंब्रिज अशा जागा दाखविण्यांत आल्या. १९४६ ते १९५६ या काळाची त्यांची रोजनिशी मृत्यूनंतर छापली गेली आहे. ग्रंथ वाचून झाल्यावर ती अवश्य वाचावी. बखरीशेजारीं अस्सल कागद ठेवावा, त्यांतला हा प्रकार आहे. ग्रंथांत समतोल बोलणारा हा मनुष्य रोजनिशींत संतापतो, खचतो, रोमच्या ‘होली ऑफिस’विषयीं जळजळीत शब्द लिहितो. कोणी यास विसंगति म्हणतील. आम्ही म्हणत नाहीं. ग्रंथांत ‘धीर’ हा शब्द स्वस्त वाटला होता, त्याची किंमत येथें कळते.

पुढें दिवस पालटले. तेविसावे जॉन यांनीं १९६० मध्यें धर्मपरिषदेच्या पूर्वतयारीसाठीं काँगार यांस सल्लागार नेमिलें. त्या परिषदेच्या १९६४ च्या ख्रिस्तैक्यविषयक आदेशपत्रांत चर्चला नित्य सुधारणेची गरज असल्याचें मान्य झालें. १९९४ मध्यें, मृत्यूच्या आदल्या वर्षीं, ते कार्डिनल झाले. या शेवटावरून धीराचा सिद्धान्त सिद्ध झाला असें समजण्याचा प्रघात आहे. पण १९५८ मध्यें पोप बदलला नसता तर? फळ आलें तें धीरामुळें, कीं माळी बदलल्यामुळें, याचा निवाडा एका उदाहरणावरून होत नाहीं. बायबलचें ऐतिहासिक पद्धतीनें परीक्षण करणारे आल्फ्रेड ल्वाझी १९०८ मध्यें बहिष्कृत झाले. त्यांच्याच पक्षाचे समजले जाणारे जॉर्ज टायरेल १९०९ मध्यें वारले, तेव्हां त्यांस कॅथलिक दफनविधि नाकारला गेला. त्यांचीं सर्व मतें चर्चनें कधींच स्वीकारलीं नाहींत, हें खरें. तथापि बायबलच्या अभ्यासांत ऐतिहासिक व वाङ्मयीन पद्धति वापरण्यास १९४३ मध्यें खुद्द पोपच्याच परिपत्रानें मोकळीक दिली. टायरेल यांस जाऊन तेव्हां चौतीस वर्षें झालीं होतीं.